जल्लादाचं तोंड

जल्लादाचे डोळे पुन्हा कुणीतरी फोडले होते. ही बातमी तोफानोला त्याच्या आईनं दिली, तीही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी, आणि अशा सुरात दिली की ऐकणाऱ्याला वाटावं, डोळे तोफानोनंच फोडलेत.

तोफानो तेव्हा रंगात कालवायला अंड्याचा बलक या तळहातावरून त्या तळहातावर घेत होता. नाजूक काम असतं ते. बलक फुटला आणि मनगटावरून थेट बाहीत गेला.

"आई, मी कामात आहे."

"तो तिकडे आंधळा होऊन उभा आहे, आणि तू कामात आहेस."

"लाकडाची फळी आहे ती. फळी आंधळी होत नसते."

"तुझी असेल फळी. माझा बिंदो आहे," त्याची आई मोन्ना चिलिया म्हणाली आणि रंगाच्या वाट्या सरकवून बाकावर बसली. एकदा बसली की म्हणणं मान्य होईपर्यंत ती उठत नसे, हे तोफानोला जन्मापासून ठाऊक होतं.

भानगडीचं मूळ त्याच्या स्वतःच्याच हातात होतं, म्हणून त्याचा जास्त संताप व्हायचा. पोज्जाल्तो गावच्या चर्चमधलं संत आर्जेलाचं चित्र त्यानंच रंगवलं होतं. मधोमध सोनेरी जमिनीवर पिठाची चाळण घेऊन उभी असलेली आर्जेला, आणि पायथ्याला, वेदीला अगदी लागून, तिच्या आयुष्यातल्या प्रसंगांची आडवी पट्टी. गिरणीवाल्याची ही पोर कैद्यांना चोरून पीठ देते, सुभेदार तिला दरडावतो, ती ऐकत नाही, मग जल्लाद तलवार उगारतो, आणि शेवटी तिच्या थडग्यापाशी झरा फुटतो. ही पट्टी बरोबर माणसाच्या हाताशी येते, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे.

कारण पोज्जाल्तोतल्या बायकांची रीत अशी, की चित्रातल्या सैतानाला आणि संतांना छळणाऱ्याला डोळे ठेवायचे नाहीत. मेल्याची नजर आपल्या पोराबाळांना लागायला नको. बाळाला बाप्तिस्म्याला आणलं की जाता जाता केसातला काटा, चातीचं टोक, तळघराची किल्ली, जे हाताशी असेल ते काढायचं, दोन टोचे मारायचे आणि घरी जाऊन चूल पेटवायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खुद्द मोन्ना चिलियानं तरुणपणी खालच्या आळीतल्या चर्चमधल्या सैतानाच्या डोळ्यांत अशी भोकं पाडली होती की मागची भिंत दिसावी.

चित्रकारांनाही हे ठाऊक असतंच. सिएनात तोफानो ज्याच्या हाताखाली शिकला, त्या उस्तादाचा नियमच होता: चांगला रंग संताला, उरलासुरला जल्लादाला. त्याला पाठमोरा काढ, शिरस्त्राणाखाली झाक, नाहीतर डोळ्यांच्या जागी दोन ठिपके देऊन मोकळा हो. शेवटी तिथं किल्ल्याच फिरायच्या आहेत. तोफानोनं हा नियम जन्मभर पाळला आणि एकदाच मोडला.

जल्लाद म्हणून समोर उभं राहायला तेव्हा गावात कुणी तयार होईना. तोफानोचा धाकटा भाऊ बिंदो तयार झाला. बिंदो कशालाही तयार व्हायचा, फक्त कामाला नाही. चुलीतली सळई उगारून तो उभा राहिला, गालात भाजलेलं चेस्टनट, आणि नूता विणकरणीची कोंबडी पळवून तिची तिलाच कशी विकली ते रंगवून सांगायला लागला. तोफानो 'तोंड मीट, तोंड मीट' म्हणून ओरडून थकला. बिंदोनं मिटलं नाही, म्हणून जल्लादाचं तोंड अर्धवट उघडं आलं. बघणाऱ्याला वाटतं, मेला दातओठ खातोय. खरं तर तो हसायच्या बेतात होता. त्या दिवशी तोफानोचा हात असा काही चालला की इतकं जिवंत तोंड त्यानं त्याआधी काढलं नव्हतं आणि नंतरही त्याला जमलं नाही.

पुढच्या वर्षी बिंदो कुणाच्या तरी गुरांमागे मारेम्माच्या दलदलीत गेला आणि तापानं तिथंच मेला. कुठं पुरला तेही कळलं नाही. कबर नाही, अंगावरचा कपडा नाही, काही नाही. उरलं ते एवढं जल्लादाचं तोंड. मोन्ना चिलिया रोज सकाळी चर्चमध्ये जायची, आर्जेलासमोर घाईघाईनं छातीवर क्रूस काढायची, आणि मग त्या तोंडापुढे मेणबत्तीचं थोटूक लावून मुलाशी बोलत बसायची.

तोफानोनं बाही धुतली, रंगांचा डबा घेतला आणि आईच्या मागोमाग निघाला.

नूता चर्चमध्येच होती, नातवाला खांद्यावर घेऊन. तिनं काही लपवाछपवी केली नाही.

"मीच टोचले. माझ्या नातवाकडे बघत होता."

"तो कुणाकडे बघत नाही, मोन्ना नूता. तो आर्जेलाच्या मानेकडे बघतोय."

"मग तर टोचायलाच हवेत. जल्लादाचे डोळे फोडायचे नाहीत तर काय, काजळ घालायचं?"

"तो बिंदो आहे. तू चांगली ओळखत होतीस त्याला."

"म्हणून तर दोनदा टोचले."

"एका कोंबडीचा राग किती दिवस धरशील गं?" मोन्ना चिलियानं विचारलं.

"अंड्यावरची होती ती, चिलिया."

एवढ्यात पाद्री बाल्दो आले. या चित्राचं नाव निघालं तरी त्यांचं डोकं उठायचं. "तोफानो, तुझ्या आईला आवर. मेणबत्ती आर्जेलाला लावायची सोडून ही जल्लादाला लावते. परवा एक वाटसरू मला विचारून गेला, तुमच्याकडे खाटकांची पूजा होते का म्हणून."

"पाद्रीबाबा, तुम्ही या बायकांना आवरा. नाहीतर पट्टीपुढे जाळी बसवा."

"जी पोर कैद्यांसाठी मेली, तिलाच मी गजाआड घालू? त्यापेक्षा त्या जल्लादाला पाठमोरा कर. मिटली कटकट."

"माझ्या पोराचं तोंड भिंतीकडे?" असं म्हणून मोन्ना चिलिया वेदीच्या पायरीवर बसली. झालं.

तोफानोला म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बायका ऐकत नाहीत, पाद्री ऐकत नाही, आणि आई तर कधीच ऐकत नव्हती. तो मुकाट्यानं गुडघ्यांवर बसला. भोकं बुजवायची, पांढरा लेप घासून सारखा करायचा, त्यावर हिरव्या मातीचा हात, मग कातडीचा रंग, मग डोळा. हे त्यानं आधीही केलं होतं, आणि दर खेपेला बिंदो थोडा थोडा लांब जात होता.

"डावा डोळा असा नव्हता रे," पाठीमागून आई म्हणाली. "जरा मिटल्यासारखा असायचा."

"मागच्या खेपेला तू उजवा म्हणालीस."

"मग दोन्ही असतील."

"दोन्ही मिटल्यासारखे असते तर तो झोपला असता, आई. तलवार कशी उगारली असती?"

"झोपायचाच तो. तू सारखा अंगावर यायचास म्हणून जागा व्हायचा."

तोफानो ताडकन काहीतरी बोलणार होता, तोच त्याला भीती वाटली. डोळा खरंच कसा होता ते त्याला आठवत नव्हतं. जन्मभर तो भावाशी भांडला, त्याच्या आळसावर, थापांवर, उधळेपणावर. पण त्याच्याकडे नीट बघितलं ते त्या एका दिवशी, सळई हातात घेऊन उभा होता तेव्हा. ते बघितलेलं या फळीवर होतं आणि तेच या बायका टोचून टोचून संपवत होत्या. अजून दोन-चार बाप्तिस्मे झाले की बिंदो कुणाचाच कुणी राहणार नव्हता.

दुपारी चर्च रिकामं झालं. आई जेवायला गेली. सामान आवरताना त्याची नजर पट्टीवरून फिरली. सुभेदाराचं तोंड खरवडलेलं, सुभेदाराच्या कुत्र्यालासुद्धा सोडलं नव्हतं. पण जिच्या डोक्यामागे सोन्याचं वलय, त्या आर्जेलाच्या आसपास ओरखडासुद्धा नाही. सोन्यापाशी आल्या की या रणचंडिकांच्या किल्ल्या आपोआप कनवटीला जात होत्या. डब्यात एका शिंपल्यात थोडी सोन्याची पूड उरली होती. तोफानोनं बोट भिजवून ती कालवली, बारीकातला बारीक कुंचला घेतला आणि बिंदोच्या डोक्यामागे एक नाजूक वलय ओढलं. भक्ती नाही, पश्चात्ताप नाही, नुसता वैताग. आता टोचा म्हणावं.

रविवारी पाद्री बाल्दोंनी त्याला खांबाआड गाठलं.

"ते काय आहे?"

"वलय."

"वलय आहे ते मलाही दिसतंय. जल्लादाला?"

"नंतर पस्तावला असेल."

"कुठं लिहिलंय?"

"पस्तावला नाही, असं तरी कुठं लिहिलंय?"

"आत्ताच्या आत्ता खरवड ते."

"तुम्ही खरवडा, पाद्रीबाबा. सोन्याच्या वलयाला पातं लावायला माझा हात धजत नाही."

पाद्री बाल्दोंनी खरंच कमरेची सुरी काढली. वेदीपुढे बायका गुडघ्यांवर होत्या. सगळ्यांनी माना वळवून आधी सुरीकडे आणि मग पाद्रींकडे पाहिलं. सुरी परत कमरेला गेली, आणि मग ती कधीच निघाली नाही.

तोफानो खूश झाला. सबंध उन्हाळाभर कुणी एक टोचा मारला नाही. आई सकाळी जाऊन निवांत बसायची. पण कुठल्याही गोष्टीवर नुसतं गप्प बसून राहणं या गावाच्या रक्तात नाही. वलय आहे म्हणजे संत आहे, आणि संत आहे म्हणजे त्याची कथा हवी. ती विहिरीवर तयार झाली. म्हणे तलवार चालवली आणि जल्लादाला रडू कोसळलं. रडून रडून तो आंधळा झाला. मग आर्जेलाच्या झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावलं आणि दृष्टी परत आली. पुरावा हवा? डोळे किती वेळा फोडले त्याचे. दर वेळी परत आले की नाही?

"मी रंगवले," तोफानो भर चौकात म्हणाला. "मी. या हातांनी. अंडं आणि माती कालवून."

"हो रे बाबा," बेकरीवाली त्याची समजूत घालत म्हणाली, "तुझ्याच हातून करवून घेतले."



पहिला चमत्कार नूताच्या घरी झाला. नातवाचे डोळे आले होते, ते चार दिवसांत आपोआप बरे झालेच असते. पण तिनं फडकं ओलं करून जल्लादाच्या तोंडावरून फिरवलं आणि बाळाच्या डोळ्यांवर ठेवलं. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या गावातून गाढवांवर बसून माणसं यायला लागली. ज्याचा डोळा दुखतो तो ओलं फडकं घासतो, ज्याचा दुखत नाही तो पुढे दुखू नये म्हणून मुका घेतो. तोफानो वेदीपाशी उभा राहून घसा फोडायचा: ओलं लावू नका, रंग जाईल, लांबून नमस्कार करा. लोक त्याच्या काखेखालून वाकून मुका घ्यायचे. भीक नको पण कुत्रं आवर, अशी त्याची गत झाली. किल्ल्या परवडल्या, भोक निदान बुजवता तरी येत होतं.

मोन्ना चिलियाला आता रांगेत उभं राहावं लागे. एक दिवस ती घरी आली ती रागानं थरथरत.

"दारूच्या थेंबाला शिवला नाही म्हणे कधी."

"कोण?"

"बिंदो. ती बेकरीवाली मला सांगते. मला. पहाटे उठून प्रार्थना करायचा म्हणे. पहाटे. अरे, दुपारच्या जेवणाला त्याला पायाला धरून ओढायला लागायचं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाई, हा माझा मुलगा. पिऊन पडायचा, पण घरात असला की घर हसायचं. तर मला म्हणते, मोन्ना चिलिया, असं बोलू नये, पाप लागतं. हा तर संत, तुमच्या बिंदोचं नाक कुठं असं होतं? आणि बाकीच्या सगळ्या माना डोलावतात. ज्यांच्या अंगणात तो लहानाचा मोठा झाला, त्या."

सोन्याची ती रेघ तोफानोचीच होती. हौसेनं हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डोळे फोडत होत्या तेव्हा निदान त्यांना ठाऊक होतं, कुणाचे फोडतोय ते.

असे दोन हिवाळे गेले. तोफानोला मोंताल्चिनोच्या बाजूला एक मोठं काम मिळालं आणि तो गावाबाहेर होता. परत आला तो आर्जेलाच्या सणाच्या सकाळी. आई दारातच उभी होती, चर्चला जायची शाल घेऊन. बिंदोबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, तेव्हा तो सामान दारातच टाकून तिच्याबरोबर निघाला.

चर्च गच्च भरलं होतं. रांग दारापर्यंत होती. तोफानो लोकांना ढकलत पुढे गेला आणि पट्टीपाशी वाकला. वलय जिथल्या तिथं होतं. तलवार होती, लाल अंगरखा होता. वलयाच्या आत नाक नव्हतं, डोळे नव्हते, ते अर्धवट उघडं तोंड नव्हतं. आधी वरचा रंग गेला होता, मग हिरवी माती, आणि आता खालचा पांढरा लेप दिसत होता, इतक्या ओठांनी गुळगुळीत झालेला.

"मी परत काढतो," तो आईला म्हणाला. "आज सगळ्यांना बाहेर हाकलतो आणि काढतो. तू मागे बसून सांग. भुवया कशा होत्या ते सांग."

मोन्ना चिलियानं डोळे मिटले.

"जाड होत्या का रे?" तिनं विचारलं.

"मला नाही आठवत, आई."

"मलाही नाही. मी रोज इथं यायची ना, मग हेच डोळ्यांत बसलं, आणि त्याच्या आधीचं पुसलं गेलं. काही काढू नकोस आता. तू भलत्याच कुणाचं तरी काढशील, आणि मी त्याच्याशी बोलत बसेन."

मागून लोक रेटत होते. कुणीतरी ओलं फडकं पिळलं, त्याचं पाणी तोफानोच्या बुटावर पडलं. तो वळून खेकसणार, तोच आईनं त्याची बाही ओढली.

"सगळ्या मुलखानं त्याचा मुका घेतला," ती म्हणाली. "मीच राहिले. रंग जाईल म्हणून हात लावला नाही. मला उचल. वेदीवरून वाकून माझं तोंड तिथवर पोचत नाही."

तोफानोनं वाकून तिला कमरेला धरून उचललं. तिचं काहीच वजन नव्हतं. वेदीवरच्या मेणबत्त्यांमधून ती पुढे झुकली, एक हात फळीवर टेकला, आणि वलयाच्या आतल्या पांढऱ्या जागेवर ओठ ठेवले. मग काढले नाहीत. काहीतरी पुटपुटत होती, ते फळीत जात होतं, तोफानोला ऐकू आलं नाही.

रांग कुरकुरायला लागली. कुणी खाकरलं, कुणी म्हणालं, म्हातारीला झोप लागली काय. तोफानोच्या दंडांना रग लागली होती. मान वळवून त्यानं बघितलं, तर त्याच्या अगदी पाठीला लागून नूता उभी होती, हातात ओलं फडकं घेऊन.

"जरा थांबा," तो म्हणाला. "ती त्याची आई आहे."

"ठाऊक आहे रे मला," नूता हळूच म्हणाली. फडकं तिनं कमरेला खोचलं आणि दोन्ही हात पसरून रांग मागे लोटली. "तू नीट धर तिला. पडेल."

तोफानोनं पाय रोवले आणि आईला नीट धरलं.